मुलाखती नंतर, आधी फायली

ताई, तुम्ही नाशिकला ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, खेळ, झोप नीट जमावी म्हणून दिली जाणारी उपचारपद्धती) शिकवता आणि बालसंरक्षणात वेगवेगळी खाती एकत्र कसं काम करतात यावर पीएचडी करायची आहे. बाल कल्याण समिती (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल आदेश देणारी समिती), पोलीस, शाळा, डॉक्टर यांच्या मुलाखतींपासून सुरुवात करू का, असं विचारलंत. या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगते: मुलाखती नंतर, आधी मुलांच्या फायली वाचा. "समन्वय कसा आहे?" असं कुणालाही विचारा, "चांगला आहे" हेच ऐकू येईल.

मूल एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथे बघा. नाशिकरोड स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल घ्या. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत ते समितीपुढे यायला हवं, 15 दिवसांत गृहचौकशी व्हायला हवी आणि पहिल्या हजेरीपासून 4 महिन्यांत अंतिम आदेश. दर टप्प्याला नवा माणूस नवा कागद भरतो. नाव, वय, पत्ता, मेडिकल पुढे सरकतं. पण मूल रात्री झोपतं का, ताटातली पोळी उशाखाली लपवतं का, गोंगाट झाला की कान झाकतं का, हे बालगृहातल्या काळजीवाहक बाईंनाच ठाऊक असतं आणि त्यांच्यापाशीच राहतं. नेमकं हेच टिपायला तुमचं शास्त्र शिकवतं. वैयक्तिक काळजी आराखड्यात (प्रत्येक मुलाच्या गरजांनुसार केलेल्या लेखी योजनेत) ते उतरतं का, आणि उतरलं तर आदेशात त्याचा काही फरक दिसतो का? पीएचडीला एवढा प्रश्न पुरे.

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे वेठबिगारीला ठेवल्याचं उघड झालं, ते तुम्हाला आठवत असेल. अशा प्रकरणात पोलीस, महसूल, कामगार, आदिवासी विकास, समिती अशी सगळीच खाती येतात. पण दिवसभर मेंढ्यांमागे चाललेलं मूल आश्रमशाळेच्या बाकावर बसवलं की कागदावर पुनर्वसन संपतं. ते तिथून पळालं तर शिस्तीचा प्रश्न ठरतो. त्याचा दिवस पुन्हा कसा बसवायचा, खेळ, झोप, अभ्यास कोणत्या क्रमाने, हे विचारणारं कुणी त्या टेबलावर नसतं. तुम्ही तिथे हव्या आहात, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या देशातलं वाचायचं तर व्हिक्टोरिया क्लिंबिए या मुलीच्या 2000 मधल्या लंडनमधील मृत्यूवरचा लॉर्ड लेमिंग यांचा 2003 चा चौकशी अहवाल वाचा. पोलीस, दवाखाने, समाजसेवा विभाग, सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती.

नीतिमत्तेच्या बाजूने एक गोष्ट आधीच पक्की करा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यात संशोधकही आला. त्यामुळे "तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही" असं मुलाला कधीच म्हणू नका. माहितीपत्रकातच सोप्या शब्दांत तसं लिहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी संमती लागते, पालकांची वेगळी. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची मनाई आहे, आणि लहान तालुक्यात गाव नि वय दिलं तरी मूल ओळखू येतं.

फायलींच्या परवानगीचा अर्ज पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे लवकर टाका. आणि मुलाखतींची यादी कराल तेव्हा काळजीवाहकांना सगळ्यात वर ठेवा. माझ्या पाहण्यात तरी बैठकांना त्यांना कुणी बोलावत नाही.