एशियाटिक लायब्ररीच्या वाचनकक्षाचा इतिहास काय आहे? साहेबांनी साहेबांसाठी केलेल्या त्या जागेचं आपल्याला कौतुक का असावं?

तुमचं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमचे थोरले काका हेच बोलायचे.

सर जेम्स मॅकिंटॉशनी 1804 साली परळला ही लायब्ररी चालवणारी संस्था काढली. लायब्ररी ज्यात आहे तो फोर्टातला टाउन हॉल पुरा झाला 1833 मध्ये. पहिले भारतीय सभासद माणेकजी करसेटजी, तेही 1840 साली. म्हणजे 36 वर्षं आपल्या माणसाला सभासदत्व नव्हतं. इथवर काकांचं बरोबर.

पण माझे पणजोबा तेराव्या वर्षी गिरणीत लागले होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, असं ते सांगत. काका म्हणायचे, म्हाताऱ्याच्या थापा. पणजोबा गेले तरी घरात तो शब्द राहिला, आणि मला तो सलायचा.

1987 साली मी फोर्टात नोकरीला होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून त्या 30 पायऱ्या चढायचो. जुलै 1908 ची इंग्रजी वर्तमानपत्राची फाइल मागवली. कागद इतका कडक झालेला, की पान उलटताना श्वास रोखायचो. निकाल 22 जुलैचा. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद, दगडफेक, लष्कराचा गोळीबार. 28 तारखेपर्यंत मोजलं: सहा दिवस. तिथल्या तिथे डोळे भरून आले. सगळं वहीत उतरवून काकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "पेपरात काय, काहीही छापतात."

आता सांगा, ती जागा साहेबांची कशी? भाऊ दाजींनी शिलालेखांवरचे निबंध याच संस्थेपुढे मांडले. महामहोपाध्याय काणे आणि दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे वाचत बसले. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे. बाहेर पायऱ्यांवर फोटो काढून परतणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनकक्षातली टेबलं-खुर्च्या, खांब यांबद्दल मी लिहिलं नाही, कारण माझं लक्ष कधी तिकडे गेलंच नाही. जाण्याआधी सभासदत्वाचे नियम मात्र विचारून घ्या. बरंच जुनं साहित्य आता संस्थेच्या 'ग्रंथ संजीवनी' या वेबसाइटवर स्कॅन करून ठेवलंय, ते घरबसल्याही बघता येईल. पण तुमच्या घरातही कुणा म्हाताऱ्या माणसाला थापाड्या ठरवलं असेल, तर साल-तारीख विचारून ठेवा आणि एक दिवस रजा काढून जा.