प्रशिक्षित पायलट टॅक्सी करताना चुकून रनवेवर कसे काय जातात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला जाताना समोरचा रनवे रिकामा दिसत असूनही तुमचं विमान त्याच्या तोंडाशी दोन-तीन मिनिटं का थांबलं, आणि एवढी शिस्त असूनही जगभरात विमानं टॅक्सी करता करता, म्हणजे जमिनीवर स्वतःच्या चाकांवर चालता चालता, नको त्या वेळी रनवेवर कशी शिरतात. पुढे सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करायचा विचार आहे म्हणताय, म्हणून जरा खोलात लिहितो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. उतरायला येणारं विमान ताशी साधारण २६० किलोमीटरने येतं, म्हणजे दहा किलोमीटरवर असलं तरी सव्वादोन मिनिटांत टेकतं. ते तुमच्या खिडकीतून दिसत नाही, टॉवरला दिसतं. रनवे रिकामा दिसतो म्हणून तो आपल्यासाठी मोकळा आहे असं होत नाही.

ती थांबायची जागा नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रस्त्यावर, आडवे चार पिवळे पट्टे रंगवलेले असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड पट्टे टॅक्सीवेच्या बाजूला, तुटक रनवेच्या बाजूला. अखंड बाजूने येणाऱ्याने टॉवरची परवानगी मिळेपर्यंत अलीकडेच थांबायचं. तुटक बाजूने येणारा रनवे सोडून बाहेर पडत असतो, त्याने मात्र न रेंगाळता पार व्हायचं, आणि शेपटीसकट अख्खं विमान पट्ट्यांपलीकडे गेल्याशिवाय रनवे सोडला असं धरत नाहीत. बाजूला लाल पाटीवर पांढरे आकडे असतात. चिकलठाण्याच्या रनवेची टोकं ०९ आणि २७. पाटीवर '०९-२७' असेल तर डाव्या हाताला ०९ चं टोक, उजव्या हाताला २७ चं. '२७-०९' असेल तर उलट. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवली की आपण रनवेच्या कोणत्या अंगाला उभे आहोत ते पाटीच सांगते.

मोठ्या रनवेला हे पट्टे रनवेच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असतात. नुसतं नाकाचं चाक परवानगीशिवाय त्यापलीकडे गेलं, जवळपास दुसरं विमान नसलं, तरी ती रनवे इन्कर्जनच, म्हणजे रनवेवर विनापरवाना शिरणं. हे कडक वाटत असेल तर हिशोब करून बघा. रनवे ओलांडायचा म्हणजे अलीकडच्या पट्ट्यांपासून पलीकडच्या पट्ट्यांपर्यंत १८० मीटर, अधिक ए३२० या प्रवासी विमानाची लांबी ३७ मीटर. पंधरा नॉटने, म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटरने, हे अंतर कापायला २८ सेकंद लागतात. उभ्या ए३२० ला इंजिनं वाढवल्यापासून चाकं सुटेपर्यंत लागणारा वेळही अर्ध्या मिनिटाच्या आसपासच असतो. म्हणजे तुम्ही ओलांडायला निघालात त्याच क्षणी दुसऱ्या टोकाने कुणी उड्डाण सुरू केलं, तर दोघांची गाठ पडायला पुरेसा वेळ आहे. शेवटी शेवटी ते विमान सेकंदाला ७५ मीटरने येत असतं. ब्रेक मारून थांबण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

आता मूळ प्रश्न. पायलटला पट्टे कळत नाहीत किंवा तो मुद्दाम नियम मोडतो असं जवळजवळ कधीच नसतं. त्याच्या डोक्यात जो नकाशा असतो, त्याप्रमाणे तो अगदी बरोबर चाललेला असतो. नकाशा आणि जमीन यांची फारकत झालेली असते आणि ती त्याला कळलेली नसते. म्हणूनच 'अजून लक्ष द्या' म्हणून ही चूक थांबत नाही.

मिलानचं लिनाते विमानतळ, ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं. छोट्या सेसना जेटला आर-५ टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ ला लागलं. तो रस्ता थेट चालू रनवेवर जात होता. पायलटने वाटेत एस-४ या खुणेपाशी आहोत असं सांगितलंही, पण ती खूण कंट्रोलरला माहीतच नव्हती, त्यामुळे चूक पकडायची संधी हातची गेली. जमिनीवरचं रडार बंद. धावत आलेल्या एमडी-८७ ला ते धडकलं आणि ११८ माणसं गेली.

टोकियोच्या हानेदाला २ जानेवारी २०२४ रोजी हवा स्वच्छ होती. भूकंपग्रस्तांसाठी सामान नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या डॅश-८ ला टॉवरने सांगितलं, 'नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत टॅक्सी करा.' नंबर वन म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले, एवढाच त्याचा अर्थ. ते विमान रनवेवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं. सी-५ वरचे लाल स्टॉप बार दिवे, म्हणजे थांबायच्या जागी आडवी लावलेली दिव्यांची रांग, दुरुस्तीमुळे बंद होते. टॉवरच्या पडद्यावर रनवे व्यापल्याचा इशारा होता, तोही नजरेतून सुटला. उतरणारं प्रवासी ए३५० त्याला धडकलं. ए३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, डॅश-८ मधल्या सहापैकी पाच जण गेले. सवयीचे शब्द ऐकू आले की मेंदू पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. माझ्या मते यासारखं घातक कारण दुसरं नाही, कारण यात धुकंही लागत नाही आणि अडाणीपणाही लागत नाही.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी दोन विमानं रनवेवर धडकून ५८३ माणसं गेली, त्यातही धुक्याच्या जोडीला हेच होतं. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, एरवी 'डिपार्चर' म्हणतात.

कॉकपिटमध्ये हे कसं अडवतात ते सांगतो. पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलून जागेवरून काढण्याच्या, आधीच विमानतळाचा चार्ट काढून दोघेही पायलट अपेक्षित रस्ता बोटाने दाखवून बोलतात, कुठे कुठे रनवे आडवा येतो ते मोजतात. चार्टवर 'हॉट स्पॉट' म्हणून गोल केलेल्या जागा असतात, तिथे आधी चुका झालेल्या असतात. टॅक्सीची सूचना आली की ती कागदावर उतरवायची, चार्टशी ताडायची आणि मगच ब्रेक सोडायचा. अपेक्षा एका रनवेची आणि सूचना दुसऱ्याची, असं झालं तर सगळ्यात जपायचं. १३ जानेवारी २०२३ ला न्यूयॉर्कच्या जेएफकेवर बोइंग ७७७ चुकीचं वळण घेऊन भलताच रनवे ओलांडून गेलं, तेव्हा त्या विमानाचा उड्डाणाचा रनवे बदललेला होता. त्याच रनवेवर उड्डाणासाठी धावणाऱ्या ७३७ ला टॉवरने वेळेत थांबवलं म्हणून सगळे वाचले.

रेडिओवर नुसतं 'रॉजर' (ऐकलं) म्हणून भागत नाही. 'होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन' (रनवे २७ च्या अलीकडे थांबा) असं आलं तर तेच शब्द रनवेच्या आकड्यासकट आणि स्वतःच्या कॉलसाइनसकट (विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट) परत म्हणायचे. कंट्रोलरने ते कान देऊन ऐकायचं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करायचं. रनवे बंद असो की चालू, ओलांडायची परवानगी दर रनवेला वेगळी लागते. स्टॉप बार लाल जळत असेल तर तोंडी परवानगी मिळाली तरी चाक पुढे टाकायचं नाही, आधी विचारायचं.

पट्टे जवळ आले की दोघांचीही मान वर हवी. आयत्या वेळी कॉम्प्युटरमध्ये आकडे बदलायचे असतील तर विमान उभं करून बदला. रनवेवर पाऊल टाकण्याआधी डावीकडे-उजवीकडे, आणि उतरणारी विमानं येतात त्या दिशेला आकाशात बघायचं. लखलखणारे स्ट्रोब दिवे लावायचे. रनवेवर सरळ झालात की कंपास बघा: २७ वर असाल तर २७० च्या आसपास हवा. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला २००६ मध्ये एवढंच ताडून पाहिलं गेलं नाही. २२ ऐवजी २६ या आखूड रनवेवरून निघालेल्या विमानातले ४९ जण गेले.

आपल्या मराठवाड्यात धुकं क्वचित, पण पावसाळी संध्याकाळ कमी नाही. ओल्या डांबरावर सूर्य चमकला की पिवळा रंग दिसेनासा होतो, आणि पश्चिमेकडे तोंड असेल तर पाटीही काळी दिसते. शिवाय लहान विमानतळांवर पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीवे नसतो, त्यामुळे रनवेवरूनच टोकापर्यंत उलटं जाऊन वळावं लागतं. त्याला बॅकट्रॅक म्हणतात. रनवेवर राहण्याचा वेळ त्यामुळे मिनिटांत जातो. बॅकट्रॅकची परवानगी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. टोकाला वळून उभं राहिल्यावर ती वेगळी येते.

संभाजीनगरच्या जुन्या लोकांना २६ एप्रिल १९९३ आठवत असेल. चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ रनवेच्या पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले. ती रनवे इन्कर्जन नव्हे, विमान उशिरा उचललं गेलं हेही कारण त्यात होतं. पण रनवे डांबर संपतं तिथे संपत नाही, हे त्यातून दिसतं.

ट्रेनिंगला गेलात की एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा. कुठे आहोत याबद्दल जराही शंका आली तर टॅक्सीवेवर जागच्या जागी थांबा आणि विचारा, हवं तर पुढे चालून वाट दाखवणारी फॉलो-मी गाडी मागवा. पट्टे ओलांडल्याचं उशिरा कळलं तर आधी ब्रेक, लगेच टॉवरला सांगा, स्वतःहून वळायला जाऊ नका. आणि रनवेच्या डांबरावरच आहोत असं वाटलं तर तिथे उभं राहून चार्ट उघडायचा नाही: टॉवरला कळवत जवळच्या टॅक्सीवेने आधी बाहेर पडायचं.