घड्याळात फरक, तरी पोझिशन सारखीच, असं कसं?

प्रश्न : नमस्कार, मी सर्व्हेइंग शिकतोय, प्रोजेक्टमध्ये एका रिसीव्हरच्या डेटावर पीपीपी (प्रिसाइज पॉइंट पोझिशनिंग, म्हणजे एकट्या रिसीव्हरने अचूक जागा काढणं) करतोय. एकाच दिवसाच्या, दोन वेगवेगळ्या ॲनालिसिस सेंटरच्या क्लॉक फाइल्स (सॅटेलाइटची घड्याळं किती पुढे-मागे आहेत ते सांगणाऱ्या) घेऊन वजाबाकी केली तर जवळपास प्रत्येक सॅटेलाइटला काही नॅनोसेकंदांचा फरक निघाला! प्रकाशाच्या वेगाने १ नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटिमीटर ना? मग पोझिशन दोन्हीकडून सारखीच कशी आली? चुकीची फाइल कुठली?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. तुमचा ३० सेंटिमीटरचा हिशोबही बरोबर आहे, फक्त तो भलत्याच आकड्याला लावलाय.

त्याचं काय आहे, फाइलमधली घड्याळं कुठल्यातरी एका रेफरन्स घड्याळाच्या तुलनेत दिलेली असतात आणि प्रत्येक सेंटरचा रेफरन्स वेगळा, त्यामुळे सगळ्या सॅटेलाइटला सारखाच लागू होणारा फरक कितीही मोठा असला तरी तो गुपचूप तुमच्या रिसीव्हरच्या घड्याळात जाऊन बसतो, पोझिशनला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधी प्रत्येक इपॉकला (मोजणीच्या क्षणाला) सगळ्या सॅटेलाइटच्या फरकांची सरासरी काढून ती वजा करा आणि मग बघा, आकडे एकदम खाली येतील.

तरीही एखाद्या सॅटेलाइटला दिवसभर तेवढाच राहणारा फरक उरेल. फेजच्या (सिग्नलच्या लहरींवरून केलेल्या बारीक मोजणीच्या) बाबतीत तो अँबिग्युइटी (पूर्ण लहरींची अज्ञात संख्या) गिळून टाकते, कोडला (सिग्नलमधल्या कोडवरून केलेल्या ढोबळ मोजणीला) मात्र अँबिग्युइटी नसते आणि सुरुवातीला सगळी भिस्त कोडवरच, म्हणून कन्व्हर्जन्सला (उत्तर स्थिर व्हायला) वेळ लागतो. २४ तासांच्या स्टॅटिक (एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या) डेटात हे जाणवत नाही, अर्ध्या तासाच्या डेटात चांगलंच जाणवतं. (अँबिग्युइटी फिक्स करणार, म्हणजे ती पूर्णांकावर पक्की करणार असाल तर हा फरक असा सोडून देता येत नाही, फेज बायससुद्धा (फेजमधल्या ठरावीक चुकांच्या दुरुस्त्या) त्याच सेंटरचे लागतात.)

खरा त्रास देतो तो प्रत्येक सॅटेलाइटचा स्वतंत्र आणि वेळेनुसार हलणारा भाग. तो पूर्ण सामावून घेणारं कुणीच नाही, मग थोडा ट्रोपोस्फिअरच्या (हवेमुळे सिग्नलला होणाऱ्या उशिराच्या) अंदाजात शिरतो, थोडा उंचीत. आयजीएस (या फाइल्स पुरवणारी आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा) आपल्या तक्त्यात आरएमएस (कायम राहणाऱ्या फरकासकट) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (तो काढून, फक्त हलणारा भाग) असे दोन आकडे देते ते याचसाठी. फायनल क्लॉकला ७५ आणि २० पिकोसेकंद, म्हणजे अंदाजे २ सेंटिमीटर आणि ६ मिलीमीटर. जीपीएसच्या ब्रॉडकास्ट (सॅटेलाइट स्वतः प्रसारित करतो त्या) क्लॉकला ५ आणि २.५ नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर आणि पाऊण मीटर. लोक पहिला आकडा बघून घाबरतात किंवा खूश होतात, माझ्या मते पीपीपीवाल्याने आधी दुसरा बघावा.

प्रश्न : ५ मिनिटांची क्लॉक फाइल चालेल की ३० सेकंदांचीच हवी?

उत्तर : डेटाही ५ मिनिटांचाच वापरणार असाल तर खुशाल चालेल. पण ३० सेकंदांचा किंवा १ सेकंदाचा डेटा असेल तर मधल्या वेळेसाठी इंटरपोलेशन करावं लागतं आणि अणुघड्याळ काही सरळ रेषेत चालत नाही, ते भटकतं. गॅलिलिओच्या हायड्रोजन मेझरला ५ मिनिटांच्या मधोमध काही मिलीमीटरचीच चूक पडेल, जुन्या सीझियम घड्याळाला तीच दोन-तीन सेंटिमीटरवर जाते. ऑर्बिटचं तसं नसतं, ती इतकी गुळगुळीत असते की १५ मिनिटांच्या फाइलमधूनही मस्त निघते. चालत्या गाडीवरचा किंवा विमानातला कायनेमॅटिक डेटा असेल तर ३० सेकंद किंवा त्याहून दाट फाइलच घ्या.

प्रश्न : ऑर्बिट एका सेंटरची आणि क्लॉक दुसऱ्याची, असं केलं तर?

उत्तर : नका करू. घड्याळाचा अंदाज काढताना ऑर्बिटची रेडियल (पृथ्वीच्या केंद्राकडच्या) दिशेतली चूक बऱ्याच अंशी क्लॉकमध्ये मुरते आणि दोन्ही एकत्र वापरलं की ती कटते, जोडी फोडली की तीच चूक उघडी पडते. आरटीकेमध्ये (जवळच्या बेस रिसीव्हरच्या मदतीने तिथल्या तिथे जागा काढण्याच्या पद्धतीत) हा प्रश्नच येत नाही, जवळचे दोन रिसीव्हर एकच सॅटेलाइट बघतात तेव्हा वजाबाकीत त्याचं घड्याळच उडून जातं.