जाहिरातीत ‘हमी’, करारात ‘साहाय्य’

इतिहासात एमए, वय तिशीकडे, आणि नोकरी सोडून नऊ महिन्यांचा फुलस्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि पडद्यामागची, दोन्ही बाजू बनवायला शिकवणारा) कोर्स करावा का, कारण ते शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. तुमचा हा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. मीही इतिहासवालीच, आणि हेच सगळं करून बसलेली.

प्रोग्रामिंगची भाषा पायथन घ्यावी की जावास्क्रिप्ट, यात मी शिरत नाही. कुठलीही एक घ्या आणि वर्षभर बदलू नका.

माझी घोडचूक वेगळी होती. जाहिरातीत ‘हमी’ होती, सही केलेल्या करारात मात्र ‘साहाय्य’. हा फरक मला कळला दहाव्या महिन्यात, करार पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा. दर आठवड्याला ठरावीक अर्ज करायचे, त्यांचे पुरावे द्यायचे, आणि ते सुचवतील ती नोकरी एकदा जरी नाकारली तरी त्यांची जबाबदारी संपली. मला रात्रपाळीचं फोनवर तक्रारी घ्यायचं काम सुचवलं. नाही म्हटलं. झालं, फाइल बंद! नंतर त्यांच्या प्लेसमेंट विभागाला किती मेल केले मोजले नाहीत. दर वेळी खाली नाव नवं, वर मजकूर तोच.

पैसे गेले ते गेलेच. त्याहून जास्त खुपतं ते दुसरंच. त्यांनी माझ्या रेझ्युमेतून इतिहास जवळजवळ पुसायला लावला, आणि मी मुकाट पुसला.

खरं तर त्यातच माझी नोकरी होती. प्रबंधासाठी मी एकोणिसाव्या शतकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या होत्या. एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखांना तारीख मानतच नाही, साधा मजकूर समजतं. वर २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उजाडलेली तारीख बिनदिक्कत स्वीकारतं, कारण एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्रॅममधली चूक सुसंगतीसाठी तशीच ठेवली गेली. वैतागून मी सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नेलं, तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहिल्या आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, त्या नादात शिकले. पुढे एका मुलाखतीत हे सहज बोलून गेले, तर उरलेला वेळ त्यावरच गेला. काम मिळालं डेटा तपासणीचं. कोर्समध्ये बनवलेल्या टू-डू (कामांची यादी ठेवायच्या) ॲपबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आता, मी डेटाच्या बाजूची. ॲप बनवणाऱ्यांच्या भरतीबद्दल माझं मत फार धरू नका. सगळ्या संस्था अशाच असतात असंही नाही; आमच्या बॅचमधला एकजण थेट कामाला लागला. (तो गणिताचा पदवीधर होता, पण असो.)

तरी माझं ठाम मत: नोकरी इतक्यात सोडू नका. आधी तीन महिने संध्याकाळी एसक्यूएल करा, तुमच्याच विषयातला एखादा गचाळ तक्ता घेऊन. आणि हो, गिट, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यातच शिका, नाहीतर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फायलींत माझ्यासारख्या बुडाल.

एवढं करूनही तोच कोर्स हवासा वाटला, तर पैसे भरण्याआधी कराराचा मसुदा घरी न्यायला मागा. ‘सहीच्या दिवशी दाखवू’ म्हणाले तर तिथूनच परत फिरा.