संवादावरून जुना सिनेमा ओळखताना आवाज आठवतो, पण नाव आठवत नाही. काही युक्ती आहे का?

तुम्ही लिहिलंय की वाक्य ओळखीचं वाटतं, नटाचा आवाजसुद्धा कानात वाजतो, पण सिनेमाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तेवढ्यात दुसराच कुणीतरी गुण घेऊन जातो. तुमची गाडी कुठे अडते ते यातच दिसतंय. तुम्ही आवाजाच्या मागे धावताय. मीही बरीच वर्षं तेच करायचो.

एकदा अशाच खेळात समोरच्यानं वाक्य टाकलं, "मारुती कांबळेचं काय झालं?" मी पुढचं ऐकूनही न घेता ओरडलो, "सिंहासन!" चुकलं. बरं, चुकायला कारणंही भक्कम होती. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, श्रीराम लागू आणि निळू फुले दोघंही हजर. हे सगळं १९७९च्या 'सिंहासन'ला लागू आहे आणि १९७५च्या 'सामना'लाही. मला लागूंचा आवाज ऐकू आला आणि मी थेट मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत पोचलो. त्याऐवजी हे कोण कुणाला विचारतंय एवढंच डोळ्यांपुढे आणलं असतं तरी पुरे होतं. दारूत बुडालेला एक मास्तर, साऱ्या पंचक्रोशीवर हुकूम चालवणारा हिंदूराव धोंडे पाटील, आणि त्याचाच पाहुणचार घेत त्यालाच पुन्हा पुन्हा विचारलेला तो प्रश्न. 'सिंहासन'मध्ये ना तो मास्तर आहे, ना हे ऐकून अस्वस्थ होणारा हिंदूराव.

त्या दिवसापासून मी एकच करतो. वाक्य कानावर पडलं की बोलणाऱ्याला बाजूला ठेवतो आणि ऐकणारा शोधतो. बोलणाऱ्यावरून फार तर नट कळतो, आणि त्या नटानं शंभर सिनेमे केलेले असतात.

अमिताभचंच बघा. 'जंजीर', 'दीवार', 'त्रिशूल', 'काला पत्थर', 'शक्ती', 'अग्निपथ', सगळीकडे त्याचं नाव विजय. आवाज तोच, नाव तेच, रागही बराचसा तोच. पण "मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता" हे तो दावरला सांगतो, आणि दावर म्हटलं की 'दीवार'च. लहानपणी बूट पॉलिश करणाऱ्या विजयनं फेकलेले पैसे उचलायला नकार दिला तेव्हाही हाच दावर समोर असतो, म्हणून तर त्या 'आज भी'ला वजन आहे. राजकुमारचंही तसंच. नुसत्या 'जानी'वरून काहीही हाती लागत नाही, कारण नकलाकारांनी ते त्याच्या प्रत्येक वाक्याला चिकटवून ठेवलंय. पण "चिनॉय सेठ" ऐकू आलं की रहमान समोर उभा राहतो आणि १९६५चा 'वक्त' पक्का होतो. काचेच्या घरांची म्हण काय, कुणीही कुठेही म्हणेल. चिनॉय सेठ एकच.

आता गंमत अशी की लोकांना हे न शिकवता कळलेलं असतं. म्हणून तर जगभर वाक्यं चुकीची पाठ होतात, आणि चुकताना बऱ्याचदा ऐकणाऱ्याच्या जागीच फेरफार होतो. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधलं वाक्य लोक "ल्यूक, आय ॲम युवर फादर" असं म्हणतात. सिनेमात ल्यूक नाहीच, तिथे आहे "नो, आय ॲम युवर फादर". तो 'नो' म्हणजे 'तू माझ्या बापाला मारलंस' या ल्यूकच्या आरोपाला खलनायक डार्थ वेडरनं दिलेलं उत्तर. पण आरोप वगळून नुसतं वाक्य ऐकवायचं तर समोरच्याला पत्ता कसा लागणार? म्हणून लोकांनीच ल्यूकला हाक मारली. 'कासाब्लांका'चं (१९४२) "प्ले इट अगेन, सॅम" तर सिनेमात कुणीच म्हणत नाही. इल्सा म्हणते, "प्ले इट, सॅम." नंतर रिकही तेच गाणं वाजवायला सांगतो. बहुतेक त्या दोघांची मागणी एकत्र होऊन मधे 'अगेन' शिरलं असावं, पण सॅमला मात्र कुणी सोडलं नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'जॉज'चं (१९७५). शार्क पहिल्यांदा अगदी जवळून बघितल्यावर पोलीसप्रमुख ब्रॉडी मागे मागे सरकत केबिनमध्ये येतो आणि म्हणतो, "यू आर गॉना नीड अ बिगर बोट." लोक सर्रास 'वी आर' म्हणतात. पण बोट क्विंटची आहे! ब्रॉडी त्याला सांगतोय की बाबा रे, तुला मोठी बोट लागेल. जणू हा स्वतः त्या बोटीवर नाहीच. त्या 'यू'मध्ये त्याची भीतीही आहे आणि अंग काढून घेणंही. हे वाक्य मूळ पटकथेत नव्हतं, रॉय शायडरनं ते ऐनवेळी घातलं.

अर्थात ऐकणारा शोधून दर वेळी भागत नाही. १९७८चा 'डॉन' आणि २००६चा 'डॉन', १९९०चा 'अग्निपथ' आणि २०१२चा, यांत वाक्यंच उचललेली आहेत. तिथे विचारणाऱ्याला सरळ म्हणायचं, कुठला ते सांग, नाहीतर दोन्हीला गुण दे. दुसरं म्हणजे महेश कोठारेंचं "डॅमिट" किंवा निळूभाऊंच्या नावावर खपवलं जाणारं "बाई, वाड्यावर या". यांतून माणूस ओळखता येतो, सिनेमा नाही. असं वाक्य घालणाऱ्याशी मी वादच घालतो. आणि जड उर्दू ऐकली की लगेच 'मुघल-ए-आझम' म्हणायची सवय असेल तर ती सोडा. त्यात चार संवादलेखक होते हे खरं, पण त्या काळात उर्दू त्या एकाच सिनेमाची मिरासदारी नव्हती.

ऐकणारा झोपलेला असला तर? तसाही एक सिनेमा आहे. 'पाकीजा'तलं (१९७२) पायांबद्दलचं वाक्य, जमिनीवर उतरवू नका, मळतील. आगगाडीत साहिबजान झोपलेली असते. जाग येते तेव्हा पायाच्या बोटांत चिठ्ठी अडकवलेली. म्हणजे ज्या पायांबद्दल लिहिलंय, निरोपही त्यांच्याच हाती (हाती कसला, पायी!) दिलेला. हा प्रसंग एकदा डोळ्यांत बसला की ते वाक्य अर्धं ऐकलं तरी चुकणार नाही.

सराव करायचा असेल तर बघून करू नका, ऐकून करा. 'शोले'च्या संवादांच्या रेकॉर्ड पॉलिडॉरनं काढल्या होत्या. ज्या लोकांनी त्या ऐकल्या त्यांना गब्बरच्या वाक्यांच्या मधल्या शांतताही पाठ असत. त्यांच्याशी हा खेळ खेळू नये, हरणं ठरलेलं. तुम्ही एखादा पाहिलेला सिनेमा लावा, पडद्याकडे पाठ करून बसा आणि प्रत्येक वाक्याला फक्त एवढंच ओळखा की ते कुणाला उद्देशून आहे. सुरुवातीला कंटाळा येईल. दोन-तीन सिनेमांनंतर कान आपोआप तिकडे वळतो.

आणि वाक्य घालायची पाळी तुमची आली तर प्रसिद्ध वाक्य देऊ नका, त्याचं उत्तर द्या. गब्बरचं "कितना इनाम रखे है सरकार हम पर?" शेंबडं पोरही ओळखेल. "पूरे पचास हजार" एवढंच म्हणा, तेही सपाट आवाजात, नक्कल न करता. 'शोले'तल्या सांबाचं हे इतकं गाजलेलं वाक्य, तरी लोक पैशांचे, दरोड्यांचे, खंडणीचे सिनेमे आठवत बसतात. मोगँबो, लॉयन वगैरे मंडळी तर अजिबात घेऊ नका. ती स्वतःच स्वतःचं नाव सांगत फिरतात, त्यात ओळखायचं काय? "धनंजय माने इथेच राहतात का?" हेही त्यातलंच, सगळा पत्ताच दिलेला.

त्याच सिनेमातलं एक तुमच्यासाठी ठेवतो: "सत्तर रुपये वारले." सिनेमा सांगू नका, तो सगळ्यांनाच येतो. हे ऐकून कुणाचं तोंड उतरलं, त्याचं नाव सांगा.