उच्च न्यायालयाचा निकाल कशावर ठरतो: न्यायाधीशाच्या विचारसरणीवर की संस्थेच्या रचनेवर?

दोन्हींवर; पण भारतात रचनेचं वजन जास्त, असं माझं मत आहे. एकट्याने सुनावणी घेणाऱ्या, म्हणजे एकल न्यायाधीशावर खंडपीठाचा (त्याच न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांच्या पीठाचा) निकाल बंधनकारक असतो. तो पटला नाही, तरी प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवावं लागतं. विचारसरणीला खरी जागा मिळते ती विवेकाधिकारात: जामीन, अंतरिम स्थगिती, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची रिट (सरकार किंवा अधिकाऱ्यांना दिलेला न्यायालयीन आदेश). त्यातही कोणता विषय कुणापुढे जाणार, हे मुख्य न्यायमूर्ती रोस्टरने, म्हणजे कामवाटपाच्या यादीने, ठरवतात. म्हणून रोस्टर बदललं की कायदा तोच राहूनही निकालांचा कल बदलू शकतो.

आणीबाणीचं उदाहरण घ्या. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या हेबियस कॉर्पस (अटकेची कायदेशीरता तपासून सुटका मागणाऱ्या) याचिका ऐकता येतात असं ठरवलं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते उलटवलं. भिन्नमत देणारे न्या. एच. आर. खन्ना पुढे ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीशपदाला मुकले. १९७६ मध्येच उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या संमतीविना बदल्या झाल्या.

अनुच्छेद २२२ खालच्या बदल्या आता कॉलेजियमच्या (सरन्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाच्या) शिफारशीने होतात, पण सविस्तर कारणं क्वचितच कळतात. शिवाय उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या. बढतीची आशा आणि बदलीची धास्ती दोन्ही इथूनच येतात.