चिऊताईनं दार आधी का नाही उघडलं?

चि. सानू,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू विचारलंस, "आई, काऊ बाहेर भिजतोय आणि चिऊताई बाळाला तीट लावत बसलीये. असं का? तीट काय, नंतर पण लावता येते." मी म्हटलं, "झोप आता, साडेनऊ वाजले." खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं.

आता सुचलंय. ही गोष्ट आपल्याकडे भरवताना सांगतात. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते", एक घास. "थांब, माझ्या बाळाला तीट लावते", आणखी एक घास. वाटीतला वरणभात संपेपर्यंत दार उघडायचं नसतं! आजीनं मला असंच भरवलं. भिजणाऱ्या काऊचा विचार त्या वाटीपुढे ना तिनं केला, ना मी.

गोष्ट फार जुनी आहे बरं. ७०० वर्षांपूर्वीच्या लीळाचरित्रात ती आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे, घरं मात्र तीच, शेणाचं आणि मेणाचं. आम्ही मोठी माणसं त्या यमकावरच खूश. तू मात्र वाढदिवसाची मेणबत्ती पाहिलेली, म्हणून लगेच म्हणालीस, "मग उन्हाळ्यात चिऊचं घर वितळेल, तेव्हा ती कुणाकडे जाईल?" चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

आणि शेणाला "ई" म्हणू नकोस. आजीच्या गावी अंगण शेणानंच सारवायचे. वाळलं की वास जातो आणि पायाला छान गार लागतं. काऊ काही अगदीच वेंधळा नव्हता.

काल खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली, तेव्हा मी "एक मिनिट" म्हणून आधी मेल पुरी केली. बाहेर मँचेस्टरचा पाऊस होता. तू काही बोलली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. कळलं मला.

रविवारी फोनवर आजीला तुझी गोष्ट सांग, चिऊ पहिल्या टकटकीलाच दार उघडते आणि काऊ आपल्या पंखाचं काळं बोटाला लावून बाळाला तीट लावतो ती. (काऊला बोट कुठलं, हे आजी विचारणारच. उत्तर तयार ठेव.) फक्त ती फार लवकर संपते गं, दोन घाससुद्धा होणार नाहीत. दार उघडल्यावर पुढे काहीतरी घाल.

तुझी,
आई